हात आखडलेला असताना देणगीचा आग्रह कसा थोपवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्पन्न घटले आहे, घरखर्चाचीच ओढाताण चालू आहे आणि पूर्वी कधीतरी देणगी दिलेल्या संस्थेचे फोन आठवड्यातून दोन-तीनदा येतात. रस्त्यात फॉर्म घेऊन उभी असलेली मुले अडवतात, कार्यालयात वर्गणीची यादी फिरते, खात्यातून दरमहा कापली जाणारी एक रक्कमही थांबवायची आहे. ‘माझी परिस्थिती नाही’ असे सांगूनही कोणी ऐकत नाही, आणि फोन ठेवल्यावर दिवसभर अपराधी वाटत राहते. काय करावे?

सगळ्यात आधी ‘परिस्थिती नाही’, ‘परवडत नाही’, ‘सध्या जमणार नाही’ ही वाक्ये वापरणे थांबवा. ती खरी आहेत, पण मागणाऱ्याच्या कानाला तो नकार वाटत नाही. ‘परवडत नाही’चा अर्थ तिकडे ‘रक्कम कमी करा’ असा होतो. ‘सध्या नाही’ म्हणजे ‘पुढच्या महिन्यात फोन करा’, आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हणजे ‘घरचे असतील तेव्हा पुन्हा या’. तुम्ही दिलेल्या प्रत्येक कारणावर उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते. कारणच दिले नाही, तर उत्तर कशाला द्यायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो.

देणगीच्या फोनची घडण ठरलेली असते. सुरुवात आभाराने होते: मागच्या वेळी तुम्ही केलेल्या मदतीमुळे अमुक झाले. मग ‘हो’शिवाय दुसरे उत्तर नसलेला एखादा प्रश्न: प्रत्येक मुलाला शिकायला मिळावे असे तुम्हालाही वाटते ना? त्यानंतर एका मुलाची किंवा रुग्णाची हकिकत, आणि मग मोठी रक्कम. ती नाकारली की मधली. तीही नाकारली की अगदी छोटी, किंवा ‘मग निदान एकदाच द्या’. साधारण तीन मागण्या स्क्रिप्टमध्येच असतात, म्हणजे तुमचा पहिला नकार हिशेबात धरलेलाच असतो. पलीकडच्या माणसाचे कॉल रेकॉर्ड होतात, तपासले जातात आणि दुसरी मागणी न करता फोन ठेवला तर त्याला जाब विचारला जाऊ शकतो. तो निर्दय आहे म्हणून रेटत नाही. त्याच्या समोरच्या पडद्यावर पुढची ओळ आलेली असते, एवढेच. हे ध्यानात राहिले की त्याच्यावर चिडायचे कारण उरत नाही आणि त्याच्यासमोर विरघळायचेही.

मोठ्यावरून छोट्यावर येण्याची ही युक्ती का चालते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवले. बालगुन्हेगारांच्या एका गटाला एकदा दोन तासांसाठी प्राणिसंग्रहालयात घेऊन जाल का, असे विद्यार्थ्यांना थेट विचारले तेव्हा सुमारे १७ टक्के तयार झाले. दुसऱ्या काही विद्यार्थ्यांना आधी ‘अशा मुलांसाठी किमान दोन वर्षे दर आठवड्याला दोन तास द्याल का?’ असे विचारले. सगळ्यांनी नाही म्हटले. लगेच तीच प्राणिसंग्रहालयाची सहल सुचवली, तेव्हा ५० टक्के तयार झाले. समोरचा एक पायरी खाली उतरला की आपणही काहीतरी सोडले पाहिजे असे माणसाला वाटते. पुढच्याच वर्षी चाल्डिनी आणि डेव्हिड श्रोडर यांनी घरोघर देणगी मागताना ‘एक पेनीसुद्धा उपयोगी पडेल’ एवढे एक वाक्य जोडून पाहिले. देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले आणि सरासरी रक्कम काही घटली नाही. पेनी चालेल असे ऐकूनही कोणी पेनी देत नाही. फक्त ‘परवडत नाही’ ही सबब तेवढी हातातून जाते.

म्हणून नकार असा हवा की तिन्ही मागण्या एका दमात मिटतील. हे वाक्य कागदावर लिहून फोनजवळ ठेवा:

‘नाही, मी देणगी देणार नाही. दरमहाही नाही आणि एकदाही नाही. मला पुन्हा फोन करू नये अशी नोंद करा. धन्यवाद.’

‘का बरे?’ असा प्रश्न आला तर तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणा. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली तर ‘मी फोन ठेवतो आहे’ असे सांगून ठेवून द्या. हे सगळे अर्ध्या मिनिटात आटोपते. फोन ठेवण्यापूर्वी संस्थेचे नाव आणि तारीख मात्र लिहून घ्या, पुढे लागेल. ‘देऊ शकत नाही’पेक्षा ‘देत नाही’ हे जास्त पक्के आहे. ‘मी फोनवर देणगी देत नाही’ हा तुमचा नियम झाला, आणि नियमाशी घासाघीस करता येत नाही. हे वाक्य घरात दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यांदा जीभ अडखळते, ती अनोळखी माणसासमोर अडखळण्याऐवजी घरीच अडखळू द्या.

‘दिवसाला फक्त १० रुपये’ अशी मागणी आली की मनात लगेच ३६५ ने गुणा. ३,६५० ही रक्कम एकदम मागितली असती तर तुम्ही दिली असती का? छोटी रोजची रक्कम दाखवण्यामागे तो गुणाकार तुमच्या मनात होऊ नये हाच हेतू असतो.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते आणि जिच्यामुळे सगळ्यात जास्त त्रास होतो. पिच्छा सुटावा म्हणून थोडीशी रक्कम देऊन टाकणे हा पिच्छा वाढवण्याचा हमखास मार्ग आहे. देणगीदारांच्या याद्या तीन गोष्टींवर लावल्या जातात: शेवटची देणगी किती अलीकडची, आतापर्यंत किती वेळा दिली आणि किती दिली. यांत ‘किती अलीकडची’ याला फार वजन असते. दोन वर्षे काही न दिलेला माणूस यादीत खाली घसरत जातो. वैतागून आज अगदी किरकोळ रक्कम दिली की तोच माणूस ‘नुकताच दिलेला, फोनला प्रतिसाद देणारा’ म्हणून वर येतो, आणि पुढच्या मोहिमेत पहिला फोन त्यालाच जातो. काहीच न देणे, तेही सलग, हाच इथे सौम्य उपाय आहे.

पैसे न मागता केलेल्या विनंतीचेही तसेच. ‘एक छोटे सर्वेक्षण आहे’, ‘या निवेदनावर फक्त सही करा’. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांचा १९६६ चा कॅलिफोर्नियातला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलचा मोठा, बेढब फलक अंगणात लावू द्याल का, याला एरवी सुमारे १७ टक्के घरांनी होकार दिला. ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयाची छोटीशी पाटी लावून घेतली होती, त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले. सही करायला हरकत नाही, पण मुद्दा खरोखर पटला असेल तर, आणि सहीसोबत फोन नंबर देऊ नका. बऱ्याचदा खरा ऐवज तो नंबरच असतो.

रस्त्यावर मुख्य नियम एकच: पाय थांबवू नका. नजर मिळाली तर मान हलवून ‘नाही, धन्यवाद’ म्हणा आणि चालत राहा. ‘तुमचा शर्ट छान आहे’, ‘एकच मिनिट’ यांना उत्तर द्यायला थांबलात की पुढची सात-आठ मिनिटे गेलीच. फूल, बिल्ला, स्टिकर हातात घेऊ नका. चिकटवलाच तर काढून परत द्या. ही मुले कित्येकदा संस्थेची नसून तिने नेमलेल्या एजन्सीची असतात आणि त्यांना रोजच्या नोंदण्यांचे लक्ष्य असते. तरुण मुलगा उन्हात उभा आहे याची दया येऊन फॉर्म भरणारे पुष्कळ असतात. त्याचा संस्थेलाही फायदा होतोच असे नाही. एक दरमहाचा देणगीदार रस्त्यावर मिळवायला संस्थेला बराच खर्च येतो, आणि तो भरून निघायला कित्येक महिने, बऱ्याचदा वर्षाहून अधिक काळ जातो. भिडेपोटी भरलेला आणि तीन महिन्यांत रद्द केलेला फॉर्म म्हणजे तुमचेही पैसे गेले आणि संस्थेचेही. ज्याला टिकवता येणार नाही त्याने तिथे नाही म्हणणे ही संस्थेशी केलेली सचोटीच आहे.

दारावर आलेल्यांसाठी दार न उघडणे हा पूर्णपणे सभ्य पर्याय आहे. शिकागोजवळच्या उपनगरांत झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आदल्या दिवशी दाराला चिठ्ठी लावून ‘उद्या अमुक वेळी देणगीसाठी येत आहोत’ असे कळवले. दार उघडणाऱ्यांचे प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घटले. चिठ्ठीवर ‘कृपया येऊ नये’ अशी खूण करायची सोय दिली, तेव्हा देणाऱ्यांचे प्रमाण २८ ते ४२ टक्क्यांनी घटले. म्हणजे एरवी दारात पैसे काढून देणाऱ्यांपैकी कितीतरी जण निव्वळ समोरच्याला नाही म्हणता येत नाही म्हणून देत होते. तुम्हाला एकट्यालाच हे जड जाते असे समजू नका. दार उघडलेच तर कार्डाचा नंबर, ओटीपी किंवा खात्याचा तपशील उंबरठ्यावर कधीही देऊ नका. संस्था खरी असली तरी नाही.

पोस्टाने आलेली पेने, शुभेच्छापत्रे, पत्त्याची लेबले ठेवून घ्या किंवा टाकून द्या. न मागता पाठवलेल्या भेटीचे पैसे देण्याचे किंवा ती परत पाठवण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही. ती भेट कशासाठी असते हे आर्मिन फाल्क यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगात स्पष्ट दिसते. सुमारे १०,००० पत्रे पाठवली, काहींत एक पोस्टकार्ड भेट होते, काहींत चार. भेट नसलेल्या पत्रांच्या तुलनेत एका कार्डाने देणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी वाढली, चार कार्डांनी ७५ टक्क्यांनी.

दरमहा कापली जाणारी रक्कम थांबवणे हे काम बारकाईने करायला हवे, कारण चुका इथेच होतात. पैसे नक्की कुठल्या वाटेने जातात ते आधी शोधा. गेल्या तीन महिन्यांचे खातेउतारे आणि कार्डाची बिले काढा आणि संस्थेच्या नावासमोर काय लिहिले आहे ते पाहा. नाव कित्येकदा संस्थेचे नसून पैसे गोळा करणाऱ्या पेमेंट कंपनीचे असते, त्यामुळे रक्कम आणि तारीख यांवरून ओळखा. वर्षातून एकदाच कापली जाणारी देणगी तीन महिन्यांत दिसणार नाही. तिच्यासाठी बारा महिने मागे जावे लागेल.

बँकेत ऑटो-डेबिटचा मँडेट, म्हणजे संस्थेला खात्यातून रक्कम आपोआप वसूल करू देण्याची तुमची परवानगी, असेल तर तो बँकेकडेच रद्द करा आणि मग संस्थेला कळवा. उलट क्रमाने गेलात तर संस्थेचा माणूस फोनवर ‘मग निम्मी रक्कम ठेवू या का?’ असे विचारतो आणि महिना निघून जातो. पुढच्या कपातीच्या किमान सात-आठ कामकाजाचे दिवस आधी हे करा, कारण वसुलीची मागणी काही दिवस आधीच बँकेकडे गेलेली असू शकते. तुम्ही स्वतः बँकेला दिलेली स्थायी सूचना (स्टँडिंग इन्स्ट्रक्शन) असेल तर ती फक्त तुम्हालाच बंद करता येते. संस्थेला फोन करून तिथे काहीही होणार नाही. पगारातून कपात होत असेल तर पगाराची यादी बंद होण्याच्या तारखेआधी हिशेब विभागाला लेखी द्या.

कार्डावरची दरमहा देणगी सगळ्यात चिवट. कार्ड बंद करून नवे घेतले की कपात आपोआप थांबेल असे लोक धरून चालतात. पण व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्याकडे बदललेल्या कार्डाचा नवा नंबर विक्रेत्याला कळवण्याची सोय आहे, त्यामुळे कपात नव्या कार्डावर सुरू राहू शकते. संस्थेच्या किंवा पेमेंट कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तुमच्या खात्यात लॉग-इन करून दरमहाची देणगी रद्द करा आणि कार्ड देणाऱ्या बँकेलाही ‘या नावाला माझी परवानगी नाही’ असे लेखी कळवा. ॲपमधून देत असाल तर ॲप डिलीट केल्याने काहीही रद्द होत नाही. आधी सदस्यतांच्या यादीत जाऊन रद्द करा, मग हवे तर ॲप काढा. ‘खात्यात पैसेच ठेवत नाही, आपोआप बंद होईल’ हा मार्ग तर घेऊच नका. परत गेलेल्या प्रत्येक वसुलीवर बँक दंड लावू शकते, आणि तो भुर्दंड चणचणीच्याच महिन्यात बसतो.

कायमचे थांबवायचे नसेल, दोन-चार महिने श्वास घ्यायला हवा असेल, तर बऱ्याच संस्था खंड देतात किंवा रक्कम घटवतात. फक्त तसे स्वतःहून मागा, त्यांनी सुचवले म्हणून स्वीकारू नका, आणि पुन्हा कपात कधी सुरू होणार ती तारीख ईमेलवर घ्या. त्या तारखेच्या दहा दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.

संपर्क थांबवण्याचे पत्र किंवा ईमेल वेगळे पाठवा. त्यात त्यांच्या नोंदीतले तुमचे नाव, पत्ता, सगळे फोन नंबर, ईमेल आणि पाकिटाच्या लेबलवर किंवा पावतीवर असलेला देणगीदार क्रमांक लिहा. नावाचे स्पेलिंग दोन तऱ्हेने होत असेल तर दोन्ही द्या. नाहीतर एक नोंद बंद होते आणि दुसरीवरून पत्रे येत राहतात. मजकूर एवढाच: ‘फोन, एसएमएस, ईमेल, पत्र आणि घरभेट यांपैकी कोणत्याही मार्गाने माझ्याकडे देणगी मागू नये. माझे नाव संपर्क-बंद यादीत ठेवावे. माझी माहिती इतर कोणालाही देऊ नये. असे केल्याचे लेखी कळवावे.’ ‘माझी सगळी माहिती पुसून टाका’ असे लिहिण्याचा मोह टाळा. माहिती पूर्ण पुसली की तुम्ही नको म्हटले होते ही नोंदही पुसली जाते, आणि पुढे कुठूनतरी आलेल्या यादीत तुमचे नाव सापडले की सगळे पहिल्यापासून सुरू होते. संपर्क-बंद यादीत राहिलेले नाव प्रत्येक नव्या यादीशी पडताळून वगळता येते. पत्रानंतरही चार-सहा आठवडे छापील टपाल येऊ शकते, कारण त्याची लेबले आधीच निघालेली असतात. त्यानंतरही आले तर तारीख, वेळ आणि नंबर लिहून थेट संस्थेच्या प्रमुखांकडे तक्रार करा. फोन एजन्सीने केला असला तरी तक्रार संस्थेकडेच, कारण आपल्या नावाने कोण कसे मागतो याची जबाबदारी संस्थेची आहे.

ओळखीच्या माणसांचे प्रकरण वेगळे. तिथे स्क्रिप्ट नसते, भीड असते, आणि भीड ही भिकेची बहीण असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. कार्यालयात फिरणाऱ्या यादीत वरच्या दोन-तीन रकमा पाहून खालचे सगळे आपली रक्कम ठरवतात, आणि पहिली नावे बहुधा वरच्या हुद्द्यांची असतात. यादी हातात येण्याआधीच गोळा करणाऱ्याला बाजूला गाठून सांगा: ‘या वर्षी मी कुठल्याच वर्गणीत नाही. यादी माझ्याकडे आणू नकोस, बाकी काही काम असेल तर सांग.’ ‘कुठल्याच’ हा शब्द महत्त्वाचा. तो असला की नकार त्या कार्याविरुद्ध किंवा त्या माणसाविरुद्ध जात नाही. मात्र मग तो पाळावा लागतो. सोमवारी एकाला नाही म्हणून गुरुवारी साहेबांच्या यादीत नाव घातले की ते सगळ्यांना दिसते. यादीऐवजी बंद पाकीट फिरवावे अशी सूचनाही करून पाहा. तुमच्यासारखेच गप्प बसलेले आणखी दोघे-चौघे सुटतील. नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेल्या आवाहनाला ग्रुपवर उत्तर देऊ नका. ज्याच्यासाठी आवाहन आहे त्याला स्वतंत्रपणे फोन करा, चौकशी करा आणि पैशाचे जमणार नाही हे एकदाच सांगा. जवळच्या माणसाला कारण सांगायला हरकत नाही, तो त्यावर घासाघीस करणार नाही. करू लागला, तर वरचे फोनजवळचे वाक्य तिथेही चालते.

अपराधीपणाबद्दल. ते फोनवर ठरवायला गेलात तर नेहमीच हराल, म्हणून घरी, शांतपणे, वर्षातून एकदा ठरवा. भाडे, वीज, औषधे, मुलांची फी, कर्जाचे हप्ते आणि निदान महिनाभराच्या खर्चाची शिल्लक, एवढे काढून जे उरते त्यातूनच देणगी निघते. काहीच उरत नसेल तर यंदाची रक्कम शून्य, आणि शून्य ही विचारपूर्वक ठरवलेली रक्कम असू शकते. क्रेडिट कार्डाची बाकी डोक्यावर असताना कार्डावर देणगी देऊ नका. दरमहा ३ टक्के व्याजाने १०० ची देणगी वर्षभरात जवळपास १४३ ला पडते, आणि वरचे ४३ कुठल्याही गरजूकडे जात नाहीत. फोनवर ऐकलेले ते मूल तुमच्या एका नकाराने उपाशी राहत नाही. शंभर फोनांतले बहुतेक जण नाही म्हणणार हे धरूनच संस्थेचे अंदाजपत्रक बसवलेले असते. थोडी रक्कम उरतच असेल तर एक संस्था स्वतः निवडा, तिचा अहवाल वाचा, आणि तुमच्या सोयीच्या दिवशी एकदाच, स्वतः होऊन द्या. ऑनलाइन देताना दरमहाचा पर्याय आधीच निवडलेला असतो का, शेवटी संकेतस्थळासाठी ‘टिप’ जोडलेली असते का हे पाहा. ती शून्यावर आणता येते.

घरात वयस्कर माणसे असतील तर त्यांच्या टेबलावरचे टपाल अधूनमधून त्यांच्यासोबत बसून पाहा. ब्रिटनमध्ये २०१५ साली ब्रिस्टलमधल्या ९२ वर्षांच्या एका स्वयंसेविकेच्या मृत्यूनंतर चौकशी झाली, तेव्हा तिचा तपशील ९९ संस्थांकडे असल्याचे आढळले. मृत्यूला संस्था जबाबदार नाहीत असे कुटुंबाने सांगितले होते, पण एका दानशूर बाईचे नाव यादीतून यादीत कसे पसरते हे त्यातून देशाला दिसले. २०१६ मध्ये तिथे निधी संकलनासाठी नवी नियामक संस्था आली आणि २०१७ मध्ये एकाच ठिकाणी कळवून नको असलेल्या संस्थांचा संपर्क थांबवण्याची सोय सुरू झाली. आई-वडिलांना ‘कोणाला काही देऊ नका’ असे बजावू नका. देणे हा त्यांच्या आयुष्याचा भाग असतो. त्यांना खरोखर प्रिय असलेल्या एक-दोन संस्थांची नावे त्यांच्याकडूनच घ्या, ती चालू ठेवा, आणि बाकीच्यांना वरचे पत्र त्यांच्या सहीने पाठवा. खात्याचा उतारा पुढचे तीन महिने दोघांनी मिळून तपासा. रद्द केलेली कपात पुन्हा दिसली तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि पैसे परत मागा. उशीर झाला की मुदत निघून जाऊ शकते.